झोपेतच गेले

सोमवार, ४ तारीख

मिरचे,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचे तर घे, नाहीतर पाकिटातच राहू देत, सडणार नाहीत ते.

पत्ता तुझ्या आत्याने दिला. सहजी नाही दिला. आधी माझी यथेच्छ खरडपट्टी काढली, मग म्हणाली, मी दिला म्हणून तिला सांगू नकोस. म्हणून मुद्दाम सांगते, तिनेच दिला. फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर दिसला की कापतेस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण त्यासाठी आधी हातात घ्यावं लागतं.

भांडायला लिहीत नाही. बातमी आहे. तुझ्या आईला बढती मिळते आहे. हसू नकोस.

इतकी वर्षं वॉर्डात बेडपॅन उचलून आणि चादरी ओढून माझ्या कमरेचा पार चुथडा झाला. आता हॉस्पिटलने खाली दारापाशी एक टेबल टाकायचं ठरवलंय. पेशंटच्या घरचे लोक तिथे सैरभैर फिरत असतात. त्यांना कुठला मजला, कुठला डॉक्टर, कधी भेटता येईल ते सांगायचं. आणि कोणाचं माणूस गेलं, तर डॉक्टर खाली येईपर्यंत त्यांच्यापाशी बसायचं, धीर द्यायचा. मेट्रन म्हणाल्या, मावशीला बसवा, ती कोणाला भीत नाही. भीत नाही ते खरं. पण मला गोड बोलता येत नाही हे बहुतेक त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

तर म्हणून प्रशिक्षण. आठवडाभर वरच्या हॉलमध्ये, खुर्च्या गोल मांडून. मोठमोठी हॉस्पिटलं चालवून निवृत्त झालेली माणसं शिकवायला आली आहेत. त्यातले एक साहेब आहेत, ते दर वाक्याला टाळी वाजवायला लावतात. कोणी नाव सांगितलं, टाळी. कोणी पाणी प्यायला उठलं, बहुतेक त्यालाही टाळी. एक रबरी चेंडू फेकायचा आणि ज्याच्याकडे जाईल त्याने मी काय काम करतो ते सांगायचं. लिफ्टवाल्याकडे चेंडू गेला तर तो म्हणतो, मी लोकांना वर पाठवतो, त्यातले काही खाली परत येतात. साहेबांची टाळी अर्ध्यात राहिली.

आता खरं ते लिहिते. दुपारी दुसऱ्या शिकवणाऱ्या बाई आल्या. आल्या आल्या ओळखलं मी. केस पांढरे झालेत, चालणं तेच. तुझे बाबा गेले त्या संध्याकाळी बाकावर आपल्या शेजारी येऊन बसल्या होत्या, तेव्हा हे हॉस्पिटल चालवायच्या त्या मोठ्या बाई. तू त्यांना साखरेची सुरी म्हणायचीस.

तुला आवडणार नाही हे मला माहीत आहे. मला वाटतं ते मी लिहिते. त्या दिवशी त्या अख्ख्या इमारतीत माझ्याशी माणसासारखं बोललं असं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे ही बाई. पुढे महिन्याभरात मला वॉर्डात कामालाही तिनेच घेतलं. तू म्हणालीस, बाबांच्या खाटेवर नोकरी मिळवलीस, तोंड बंद ठेवायची. आणि बॅग भरलीस. तुझं मत तुझ्यापाशी. मी आज मान ताठ करून पहिल्या ओळीत बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही, पण ते चालायचंच.

उत्तराची वाट बघत नाही. पाठवलंस तर नको म्हणणार नाही.

आई


बुधवार, ६ तारीख

मिरचे,

आज अक्षर वेडंवाकडं येईल. तसं ते सरळ कधी होतं म्हणा.

आज मोठ्या बाईंचा तास होता. घरच्यांना वाईट बातमी कशी द्यायची, हा विषय. बाईंनी माइक नको म्हणून सांगितलं. मला बरं वाटलं. म्हटलं, ह्यांना काय शिकवावं लागतं, ह्यांच्या अंगातच आहे ते.

बाई म्हणाल्या, नुसतं बोलून समजायचं नाही, करून बघू. लिफ्टवाल्याला टेबलावर आडवं केलं, तो मेलेला पेशंट. त्याने जीभ बाहेर काढली, सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग बाई म्हणाल्या, ह्याच्या घरचं कोणीतरी पाहिजे. सगळ्यांनी मला ढकललं. मावशी जा, मावशी जा. गेले.

बाईंनी मला खुर्चीवर बसवलं. स्वतः समोर बसल्या नाहीत, शेजारी बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. पाण्याचा ग्लास दिला. मी एक घोट घेईपर्यंत थांबल्या. मग लिफ्टवाल्याचं नाव घेतलं, पुढे राव लावून, अगदी घरच्या कर्त्या माणसाचं घ्यावं तसं. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अमुकराव आता आपल्यात नाहीत. आम्ही शक्य होतं ते सगळं केलं. त्रास काही झाला नाही त्यांना. झोपेतच गेले."

मिरचे, तेच. शब्दाला शब्द तोच. तू त्या बाकावर माझ्या डावीकडे होतीस, तुलाही आठवत असेल. आधी पाणी, मग घोटभर थांबणं, मग ह्यांचं नाव राव लावून, मग तो हात. मी आजवर समजत होते की माझ्याकडे बघून त्या बाईच्या पोटात कालवलं आणि तिचा हात आपसूक माझ्याकडे आला. तो हात येतोच. पाणी प्यायलं की येतो.

माझी मान हलली. मी हलवली नाही, तिची तीच हलली, त्या दिवशी हलली होती तशी. आणि तोंडातून निघालं, बरं झालं बाई, त्रास नाही झाला. त्या दिवशीही मी हेच म्हणाले होते.

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, वा मावशी, तुम्ही नाटकात जायला हवं होतं. लिफ्टवाला टेबलावर उठून बसला आणि तोही टाळ्या वाजवत होता. ह्यांच्या मरणाला टाळ्या पडल्या गं. मी मध्ये खुर्चीत बसलेली, हातात तो ग्लास.

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाल्या, "पाहिलंत? खांदे खाली आले. घरच्यांचे खांदे खाली आले की समजायचं, आता भांडण होत नाही."

मग फळ्यावर लिहिलं. खुर्ची, पाणी, नाव, हात, झोप. एका पोरीने विचारलं, पण माणूस झोपेत गेलेलं नसेल तर? बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, गेलेल्याला आता काय फरक पडतो, मागे राहिलेल्याला पडतो, आपण मागे राहिलेल्याचं बघायचं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मीसुद्धा. हात लिहीत होता आणि मी त्याच्याकडे दुसऱ्याचा असावा तशी बघत होते.

घरी येऊन चहा टाकला आणि गाळणीखाली भांडं ठेवायचंच विसरले. सगळा चहा मोरीत गेला आणि मी चोथा हातात धरून उभी.

तुला का लिहिते आहे हे मला विचारू नकोस. दुसऱ्या कोणाला लिहिणार? त्या बाकावर आपण दोघीच होतो.

आई


गुरुवार, ७ तारीख

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी आल्यावर वाटलं, नको होतं टाकायला. परत गेले. पोस्टातला माणूस पेटी रिकामी करत होता. म्हटलं, माझं एक पाकीट परत द्या. म्हणाला, टाकलेलं पत्र आमचं, तुमचं नाही. त्याच्याशी भांडले. नाही दिलं मेल्याने.

तर आता ते येईलच. वाचून खूश होऊ नकोस.


शुक्रवार, ८ तारीख

मिरचे,

प्रशिक्षण आज संपलं. मोठ्या बाईंना मी गाठलं, हात धुवायच्या बेसिनपाशी. तिथे माइक नाही, टाळ्या नाहीत.

म्हटलं, बाई, तुम्ही मला ओळखलं नाहीत. त्यांनी आरशातून बघितलं आणि तोंडवळा ओळखीचा वाटतो म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं. कुठला मजला, कुठला बाक, शेजारी कॉलेजातली पोरगी, ह्यांचं नाव, आजार. त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, तेवढं मी कबूल करते. मग मान हलवली. नाही आठवत.

"मी पुष्कळ जणांना सांगितलंय, मावशी."

मी विचारलं, मग आमचे हे झोपेत गेले, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? कुठल्या डॉक्टरने? त्यांनी नळ बंद केला. म्हणाल्या, कोणी नाही. त्या वरच्या ऑफिसात बसायच्या. कोणी गेलं तर खालचा क्लार्कच घरच्यांना सांगायचा. पण वॉर्डातून निरोप आला की घरचं कोणी आवाज चढवतंय, तर तेवढ्यापुरत्या त्या स्वतः खाली यायच्या. येताना जिन्यात नाव विचारून घ्यायच्या. बाकी काही विचारायला वेळ नसायचा.

कळलं का तुला? ती माझ्यासाठी आली नव्हती. तुझ्या आवाजासाठी आली होती. मी तर रडतसुद्धा नव्हते, नुसती बसले होते. मला आपलं क्लार्कने सांगितलं असतं. तू ओरडलीस म्हणून मला पाणी मिळालं, खांद्यावर हात मिळाला, आणि तो हात घेऊन मी तुला म्हटलं, गप्प बस, त्या बाई किती चांगलं बोलतायत.

तू बेलवरून ओरडत होतीस. बाबांच्या खाटेची बेल वाजत नाही, मी दुपारी दाबून बघितली, कोणी आलं नाही, आणि भेटायची वेळ संपली म्हणून आम्हाला बाहेर काढलं, असं काहीतरी. मी बाईंना बेलचंही विचारलं. म्हणाल्या, असेल. तेव्हा बऱ्याच बेल बंद होत्या, नंतर सगळ्या नव्या बसवल्या. असेल! आपल्या घराची दोन शकलं झाली आणि ही बाई असेल म्हणते, भाजीत मीठ कमी असेल तसं.

मग त्यांनी मला विचारलं, "तेव्हा तुम्हाला बरं वाटलं होतं ना?"

म्हटलं, वाटलं होतं.

"आणि पुढेही इतकी वर्षं वाटत होतं?"

हो.

"मग मी तुमचं काय वाईट केलं, सांगा मला."

मिरचे, वाईट केलंय हे पोटात ठाम माहीत आणि जिभेवर काही नाही. त्यांनी हात पुढे केला, खांद्यावर ठेवायला. मी झटकन मागे सरले, फरशी ओली होती, पाय सटकला. तर त्याच हाताने त्यांनी मला धरलं, नाहीतर बेसिनवर डोकं फुटलं असतं. हेही लिहायला पाहिजे म्हणून लिहिते.

तू बरोबर होतीस असं मी म्हणत नाही. बेल बंद होती, एवढंच म्हणते.

आई


मंगळवार, १२ तारीख

मिरचे,

टेबल कालपासून सुरू झालं आणि आज माझ्यापुरतं संपलंही. औटघटकेचं राज्य.

साहेब आणि मोठ्या बाई आज आमचं काम बघायला आले होते. माझ्या मागे खुर्च्या टाकून बसले. साहेब माझ्या पाठीला टाळी वाजवणार की काय, म्हणून माझी मान आखडली होती.

दुपारी एक बाई धावत आली, तुझ्याच वयाची असेल. शिवणकाम करणारी. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती, मशीनवरून उठून आलेली. तिची आई वर कडक सिस्टरच्या वॉर्डात. कडक सिस्टर म्हणजे माझ्या वॉर्डची मुख्य नर्स. ती हसली तर चादरीला सुरकुती पडेल अशी तिची ख्याती. शिंपीणबाई अजून धापा टाकत होती तोवर वरून फोन आला, आई गेली. डॉक्टर येतायत, तोवर बसवून ठेवा.

मी खुर्ची दिली. पाणी दिलं. शेजारी बसले. तिच्या आईचं नाव घेतलं, बाई लावून. हे सगळं बरोबरच आहे गं, आई गेलेल्या लेकीला उभं कशाला ठेवायचं? सांगितलं, तुमच्या आई गेल्या. तिने टेप दोन्ही हातांनी धरली आणि ओढत राहिली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "त्रास झाला का तिला?"

मिरचे, ते शब्द माझ्या दातांच्या आत येऊन बसले होते. फक्त तोंड उघडायचं होतं. आणि मला स्वतःची किळस आली. मी ही चव ओळखते. इतकी वर्षं चघळलीय.

म्हटलं, "मला माहीत नाही. मी तिथे नव्हते. जी होती तिला बोलावते."

मागे खुर्ची करकरली. मी वळले नाही. वर फोन लावला. कडक सिस्टर आली ती करवादतच आली, वॉर्ड सोडून खाली कशाला बोलावलंत म्हणून. मी सांगितलं, ह्यांना विचारायचंय, आईला त्रास झाला का. सिस्टरने माझ्याकडे एकदा बघितलं. मग स्टूल ओढून बसली आणि सांगितलं.

म्हणाली, "झाला. थोडा वेळ झाला. श्वास पुरत नव्हता, घाबरल्या होत्या. मी हात धरून होते. चप्पल मागत होत्या, घरी जायचं म्हणून. मी चप्पल आणून पायांपाशी ठेवली. मग जरा निवळल्या, आणि गेल्या."

मला वाटलं होतं, खरं कळलं की माणूस शांत होत असेल. कसलं शांत. शिंपीणबाईने असा आवाज काढला की लिफ्टमधले लोक बाहेर आले. ग्लास भिरकावला. माझ्या छातीवर बुक्क्या मारल्या, तुम्ही सगळे काय करत होतात, माझी आई तडफडत होती आणि तुम्ही तिला चपला दाखवत होतात. मोठ्या बाई उठून मध्ये आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिने तो झाडून टाकला. खाली यायचं तर सोडच, तिचे खांदे कानांना लागले होते.

मग दरवान, मग डॉक्टर, मग सगळं ते.

नंतर साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, मावशी, आठवडाभर शिकवलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मोठ्या बाई जाताना माझ्यापाशी थांबल्या. रागावल्या नव्हत्या. "ती आता जन्मभर त्या चपला बघेल," म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही असणार का तिच्याजवळ?"

बुक्क्या बसल्या तिथे दुखतंय आणि मला कळत नाही, मी त्या पोरीला काहीतरी दिलं की तिच्यापासून काहीतरी काढून घेतलं. तुला कळत असलं तर कळव.

उद्यापासून परत बेडपॅन.

आई


शनिवार, १६ तारीख

मिरचे,

हे पत्र नीट वाच. बाकीची फाडली असशील तर फाड, हे वाच.

बुधवारी मी वॉर्डात परत गेले. एका खाटेची चादर ओढत होते तर ती शिंपीणबाई दारात. आईचं सामान न्यायला आली होती. मी मनात म्हटलं, आता दुसऱ्या बाजूला मारणार. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ कडक सिस्टरपाशी गेली आणि म्हणाली, परत सांगा, पहिल्यापासून.

आणि सिस्टरने सांगितलं. काम टाकून. शिंपीणबाई आईच्या रिकाम्या खाटेवर बसून ऐकत होती, मध्ये मध्ये विचारत होती. कुठला हात धरला होता? चप्पल बघितली का तिने? कुठली, निळी का? ओरडली नाही. ऐकून झाल्यावर पिशवी उचलली आणि गेली. मला थँक्यू नाही, काही नाही. द्यायचं कारणही नाही. पण गेली ती ठाम पावलं टाकत, स्वतःच्या पायांनी गेली. मी त्या दिवशी घरी कशी आले होते ते तुला माहीत आहे. तू दंडाला धरून आणलं होतंस, आणि मी त्याला शांतपणा समजत होते.

सिस्टर हात धुवायला लागली. मी बादली भरत होते. ती पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही मला कधी विचारलं नाहीत."

म्हटलं, काय विचारलं नाही?

"तुमच्या मालकांचं. त्या संध्याकाळी ड्युटी माझी होती."

बादली भरून वाहायला लागली. पाणी माझ्या पायांवरून जात होतं आणि मला नळ बंद करायचं सुचेना. इतकी वर्षं, मिरचे. त्याच बाईबरोबर. एका किटलीतला चहा, एका बाजूने चादर ती धरणार, दुसऱ्या बाजूने मी. तिच्या लेकाच्या लग्नात मी नाचले. तिला गुडघ्याचं तेल मी चोळून दिलंय. आणि माझं माणूस गेलं तेव्हा ही त्याच्यापाशी होती, आणि हे मला माहीत नाही.

म्हटलं, मग तुम्ही का नाही बोललात? ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, मला वाटायचं आज विचारतील, उद्या विचारतील. तुम्ही तर ज्याला त्याला सांगत सुटायचात, आमचे हे झोपेतच गेले, काही त्रास नाही, मोठ्या बाईंनी स्वतः सांगितलं. मी मध्ये तोंड घालून काय म्हणायला हवं होतं? मला वाटलं, ह्यांना नको असेल. नको असलेलं कोणाच्या गळ्यात कशाला मारायचं?

मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं, हे झोपेत गेले नाहीत.

तेवढंच कळलं. बाकी नाही. कारण तिने हात पुसले, स्टूल ओढलं, तोंड उघडलं, आणि मी म्हटलं, थांबा.

का थांबवलं ते सांगते. तिने मला एकटीला सांगितलं असतं तर मग मी तुला सांगितलं असतं. आणि मी तुला कसं सांगितलं असतं, ते तू ओळखून आहेस. कोपरे घासून, वर साखर पेरून. किंवा तुझ्यावर चिडून, मुद्दाम कोपऱ्यांसकट. दोन्हीकडून तुला माझ्या तोंडचंच ऐकावं लागलं असतं, आणि माझ्या तोंडावर तुझा विश्वास नाही. बरोबर आहे तुझं. घे, लिहिलं. दुसऱ्यांदा लिहायला लावू नकोस.

तो तुझा बाप होता. पहिल्यांदा विचारलं होतंस तू. तर विचारायला तू ये.

सिस्टर ह्या महिन्याअखेर निवृत्त होते आणि लेकाकडे राहायला लांब जाते. तिला मी सांगून ठेवलंय, आमची पोरगी येईल. ती म्हणाली, दोघींना एकदम सांगेन, पण गोड करून सांगणार नाही. म्हटलं, आमच्या मिरचीला गोड चालत नाही. मग विचारते कशी, पोरगी येणार नक्की? मी म्हटलं, येणार. तिला थाप मारली की खरं सांगितलं ते आता तू ठरवायचंस.

ये आणि काय ओरडायचं ते ओरड. वॉर्ड गोळा होऊ दे, मोठ्या बाई येऊ देत, मी तुला गप्प बस म्हणणार नाही. मला मारावंसं वाटलं तर डाव्या बाजूला मार, उजवीकडे अजून दुखतंय.

तोवर माझी पंचाईत अशी की दिवसभर मी तिच्यासमोर असते. चादरी ओढताना ती मध्येच थांबून काही बोलायला तोंड उघडते, सलाईनचं असतं की जेवणाच्या ट्रॉलीचं, देव जाणे, मी आपली बेडपॅन घेऊन दुसऱ्या टोकाला पळते. पेशंट हसतात. लवकर ये गं. ह्या वयात असं पळवत नाही.

आई